रात्रभर दुकानात वाचणारा जाहिज

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. हिरा गुहेत पैगंबर मुहंमद (स.) यांच्यावर जो पहिला संदेश उतरला, त्याची सुरुवातच वाचनाच्या आज्ञेने झाली. लगेच पुढे लेखणीचा आणि लेखणीतून मिळणाऱ्या ज्ञानाचा उल्लेख आला. ज्या समाजाने ही आज्ञा ऐकली तो मुख्यतः पाठांतरावर जगणारा होता. लिहिता-वाचता येणारी माणसे त्यात मोजकीच होती. पण दोनशे वर्षांच्या आत त्याच समाजाच्या शहरांत पुस्तकांची दुकाने उभी राहिली आणि ही दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेऊन वाचत बसणारा एक माणूस जन्माला आला. त्याचे नाव अबू उस्मान अम्र इब्न बहर. जग त्याला अल-जाहिज या नावाने ओळखते.

अरबी गद्याचा इतिहास जाहिज यांच्याशिवाय सांगताच येत नाही. प्राण्यांपासून कंजूष माणसांपर्यंत, व्याकरणापासून ईश्वरशास्त्रापर्यंत त्यांनी लिहिले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक लहानमोठ्या रचना सांगितल्या जातात. त्यातल्या बऱ्याचशा आज हरवल्या आहेत. जे उरले आहे तेवढ्यानेही वाचक थक्क होतो. पण हे लेखन समजून घ्यायचे तर आधी त्यांचे वाचन पाहावे लागते.

मासे विकणारा विद्यार्थी

जाहिज यांचा जन्म इ.स. ७७६ च्या सुमारास बसरा येथे झाला. घरची गरिबी होती. त्यांचे आजोबा आफ्रिकी वंशाचे, उंट हाकण्याचे काम करणारे होते, असे जुने चरित्रकार सांगतात. वडील लवकर गेले. बसऱ्याच्या सैहान कालव्याच्या काठी भाकरी आणि मासे विकून हा मुलगा घराला हातभार लावत असे.

डोळे जन्मतःच बाहेर आलेले, म्हणून लोकांनी नाव ठेवले जाहिज. रूपावरून होणारी टिंगल त्यांना आयुष्यभर सहन करावी लागली, आणि तिला त्यांनी विनोदानेच तोंड दिले. एकदा एका बाईने त्यांना सोनाराच्या दुकानात नेले, त्यांच्याकडे बोट दाखवले आणि ती निघून गेली. सोनाराला विचारल्यावर कळले की तिला अंगठीवर सैतानाचे चित्र कोरून हवे होते आणि सोनाराने कधी सैतान पाहिलेला नव्हता. हा किस्सा जाहिज यांनी स्वतःच लोकांना सांगितला, असे म्हणतात.

बसरा त्या काळी शिकणाऱ्याला उपाशी ठेवणारे शहर नव्हते. गावाबाहेर मिरबद नावाचा उंटांचा बाजार भरे. वाळवंटातले बदू तिथे येत आणि भाषेचे अभ्यासक त्यांच्याभोवती बसून शब्द, म्हणी आणि कविता टिपून घेत. मशिदीत वेगवेगळ्या खांबांजवळ वेगवेगळ्या विषयांचे वर्ग चालत. फी लागत नसे, प्रवेशअर्ज नसे. अल-अस्मई आणि अबू उबैदा यांच्यासारख्या भाषापंडितांकडून जाहिज यांनी शब्दविद्या घेतली. तर्कशुद्ध ईश्वरचिंतनाचा म्हणजे कलामचा धडा त्यांनी नज्जाम यांच्याकडे गिरवला. नज्जाम हे मुअतजिला पंथाचे मोठे विचारवंत. कोणतेही मत तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही सवय जाहिज यांना तिथे लागली.

त्यांच्या आईची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलगा दिवसभर वाचतो, कमावून काही आणत नाही, म्हणून ती वैतागली होती. एके दिवशी त्याने जेवायला मागितले तेव्हा तिने ताटात वह्या वाढून पुढे ठेवल्या. तू घरात एवढेच आणतोस, हा त्याचा अर्थ. मुलगा खिन्न होऊन मशिदीत गेला. तिथे एका श्रीमंत मित्राने कारण विचारले आणि पन्नास दीनार दिले. त्या पैशातून पीठ आणि किराणा घेऊन तो घरी आला. आईने हे कुठून आणले असे विचारल्यावर, तू वाढलेल्या वह्यांमधूनच आले, असे त्याने सांगितले. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, गरीब घरात पुस्तक हातात धरणाऱ्या मुलाची आणि चूल पेटवणाऱ्या आईची ओढाताण तिने अचूक पकडली आहे.

वर्राकांची दुकाने

जाहिज यांच्या लहानपणी जग बदलत होते. समरकंदमार्गे कागद बनवण्याची कला इस्लामी जगात आली होती. चामड्यावर लिहिलेला ग्रंथ जड आणि महाग. कागदामुळे तो हलका आणि स्वस्त झाला. वर्राक नावाचा एक नवा व्यवसाय उभा राहिला. वर्राक कागद विकत, पुस्तकांच्या नकला करून देत आणि त्या विकतही. त्यांची दुकाने म्हणजे पुस्तकप्रेमींचे अड्डेच होते.

जाहिज यांच्याकडे पुस्तके विकत घेण्याइतके पैसे नव्हते. त्यावर त्यांनी काढलेली वाट अबू हिफ्फान या कवीच्या हवाल्याने जुन्या ग्रंथांत नोंदली गेली आहे. ते वर्राकांची दुकाने भाड्याने घेत आणि तिथेच मुक्काम करून वाचत बसत. हाती आलेले कोणतेही पुस्तक ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नसत. अबू हिफ्फान यांनी पुस्तकवेड्यांमध्ये तिघांची नावे घेतली आहेत. दुसरे नाव फतह इब्न खाकान या दरबारी सरदाराचे. खलिफा बैठकीतून क्षणभर उठून गेले, तरी हा गृहस्थ बाहीतून पुस्तक काढून वाचू लागे. तिसरे नाव काझी इस्माईल इब्न इसहाक यांचे. म्हणजे एक मासेविक्या, एक सरदार आणि एक न्यायाधीश. वाचनाने तिघांना एका ओळीत बसवले.

या वाचनात निवड कमी आणि भूक जास्त होती. कुरआन, हदीस आणि कविता तर होत्याच. शिवाय ग्रीकमधून नुकती भाषांतरित झालेली तर्कशास्त्राची आणि प्राणिशास्त्राची पुस्तके होती. इराणी राजांच्या नीतिकथा होत्या. चोरांच्या युक्त्या, भिकाऱ्यांची सोंगे, खलाशांच्या बाता, दासींची गाणी हेही त्यांना वर्ज्य नव्हते. विद्वानांनी क्षुल्लक म्हणून बाजूला टाकलेल्या गोष्टींतही माणूस दिसतो, ही त्यांची खात्री होती.

बसऱ्याच्या मशिदीत गोष्टी सांगून धर्म समजावणारे लोक असत. त्यांतल्या मूसा अल-उस्वारी यांची आठवण जाहिज यांनी जपून ठेवली आहे. मूसा यांच्या उजव्या बाजूला अरब बसत, डाव्या बाजूला फारसी बोलणारे. ते कुरआनची एक आयत वाचत, उजवीकडे वळून तिचा अर्थ अरबीत सांगत आणि मग डावीकडे वळून फारसीत. कोणती भाषा त्यांची जास्त सरस, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नसे. एकाच जिभेवरच्या दोन भाषा सहसा एकमेकींना ओढून खाली आणतात, असे जाहिज यांचे मत होते. मूसा यांना त्यांनी त्याला अपवाद मानले.

ग्रंथ प्राण्यांचा, गोष्टी माणसांच्या

'किताब अल-हैवान' हा जाहिज यांचा सर्वांत मोठा ग्रंथ. सात भागांचा. नाव प्राण्यांचे असले तरी त्यात कविता, व्याकरण, धर्मचर्चा, विनोद आणि वैद्यक सगळे मिसळलेले आहे. वाचक कंटाळू नये म्हणून गंभीर विषयामध्ये हलकी गोष्ट पेरायची, ही त्यांची मुद्दाम ठरवलेली पद्धत होती. ग्रंथाच्या सुरुवातीला पुस्तक या वस्तूचेच दीर्घ कौतुक आहे. भारताचे, ग्रीसचे, इराणचे ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरत उतरत आपल्यापर्यंत पोहोचले, म्हणून आपणही पुढच्यांसाठी काही लिहून ठेवायला हवे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. भाषांतरकाराला दोन्ही भाषा सारख्याच यायला हव्यात आणि विषयही मूळ लेखकाइतकाच कळायला हवा, ही त्यांची अट आजही भाषांतराच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे.

प्राण्यांविषयी लिहिताना त्यांच्यासमोर ॲरिस्टॉटलचे पुस्तक होते. त्याचा ते आदर करत, पण त्याच्यापुढे मान तुकवत नसत. ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने दोन तोंडांच्या सापाची बातमी त्यांच्या वाचनात आली. त्यांनी एका बदूला विचारले. बदूने छातीठोकपणे दुजोरा दिला. मग हा साप चालतो कोणत्या तोंडाच्या दिशेने आणि खातो कोणत्या तोंडाने, असे विचारल्यावर बदूने सांगितले की तो चालत नाही, लोळत जातो. दुपारचे जेवण एका तोंडाने करतो, रात्रीचे दुसऱ्याने, आणि चावताना मात्र दोन्ही वापरतो. जाहिज यांनी हा संवाद नोंदवून बदूला जगातला सर्वांत मोठा थापाड्या ठरवले. थोर ग्रीक पंडित असो की वाळवंटातला साक्षीदार, प्रश्न दोघांनाही विचारायचा, हे त्यांचे धोरण होते.

अलीकडे समाजमाध्यमांवर जाहिज यांना डार्विनच्या हजार वर्षे आधीचा उत्क्रांतिवादी म्हणण्याची हौस दिसते. लहान जीवाला मोठा जीव खातो आणि त्याला आणखी मोठा, ही अन्नाची साखळी त्यांनी बारकाईने वर्णिली, हे खरे. माती, पाणी आणि हवा यांचा प्राण्यांच्या रंगरूपावर परिणाम होतो, हेही त्यांनी लिहिले. पण एका जातीपासून दुसरी जात कशी घडते याचा सिद्धांत त्यांनी मांडलेला नाही. त्यांच्यासाठी डासापासून हत्तीपर्यंत प्रत्येक प्राणी ही निर्मात्याची खूण होती आणि ती वाचणे हे माणसाचे कर्तव्य. जाहिज यांचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा मुकुट घालण्याची गरज नाही.

याच ग्रंथात बसऱ्याचे काझी अब्दुल्लाह इब्न सव्वार यांची गोष्ट येते. हे काझी इतके धीरगंभीर की न्यायासनावर बसले म्हणजे दगडी खांबच. नमाजची वेळ सोडली तर हात हलत नसे, मान वळत नसे. एके दिवशी त्यांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी दुर्लक्ष केले. ती डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन चावू लागली. त्यांनी पापणी मिटली, पुन्हा मिटली. माशी हटेना. शेवटी सगळा दरबार पाहत असताना काझींना हात उचलावा लागला, मग बाहीचे टोकही फिरवावे लागले. तेव्हा त्यांना सूरह हजमधली माशीची आयत आठवली. ज्यांना लोक अल्लाहशिवाय पुकारतात त्यांना एक माशीही निर्माण करता येत नाही आणि माशीने काही हिसकावले तर ते परत घेता येत नाही, हा तिचा आशय. आपल्या गांभीर्याचा आपल्याला किती गर्व झाला होता, हे काझींनी सर्वांसमोर कबूल केले. एका माशीच्या निमित्ताने विज्ञान, विनोद आणि धर्म असे एका पानावर आणणे जाहिज यांनाच जमावे.

हसणेही निषिद्ध नाही

'किताब अल-बुखला' म्हणजे कंजुषांचा ग्रंथ. सामान्य वाचकाला जाहिज आवडतात ते यामुळे. त्यात खुरासानच्या काही मंडळींची गोष्ट आहे. दिव्याच्या तेलासाठी सर्वांनी वर्गणी काढली. एकाने द्यायला नकार दिला. मग दिवा जळत असेपर्यंत त्या एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून ठेवण्यात आला. उजेड फुकट मिळता कामा नये! मर्व शहराचे कोंबडेही कोंबड्यांच्या चोचीतला दाणा हिसकावतात, असा एक शेराही त्यात आहे. ही पात्रे अशिक्षित नाहीत. चांगली शिकलेली माणसे आपल्या कंजुषीच्या समर्थनार्थ तर्कशास्त्र वापरतात, हदीसचा आधार शोधतात. त्यांचे युक्तिवाद ऐकता ऐकता वाचक हसतो आणि मग स्वतःकडे पाहू लागतो. जकात आणि फित्र्याचा हिशेब होत असलेल्या या दिवसांत हे पुस्तक नव्याने वाचण्यासारखे आहे.

या मिश्रणावर टीकाही झाली. पुढच्या पिढीतले नामवंत विद्वान इब्न कुतैबा यांनी त्यांच्यावर कठोर आक्षेप घेतले. हा माणूस आज एका बाजूने लिहितो, उद्या दुसऱ्या बाजूने, आणि पवित्र विषयांतही थट्टा आणतो, अशी त्यांची तक्रार होती. ती पूर्णपणे निराधार नव्हती. जाहिज यांना दोन्ही बाजू मांडून पाहण्याचा मोह खरोखरच आवरत नसे.

भारताचे कौतुक

काळ्या वर्णाच्या लोकांची बाजू मांडणारी एक पुस्तिका जाहिज यांनी लिहिली. काळा रंग ही ईश्वराने दिलेली शिक्षा नसून प्रदेशाचा परिणाम आहे, असे त्यांनी त्यात ठामपणे म्हटले. ज्यांच्या आजोबांच्या रंगाची नोंद चरित्रकारांनी आवर्जून घेतली, त्या लेखकासाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नसणार. याच पुस्तिकेत भारतीयांचीही स्तुती आहे. खगोलशास्त्र, गणित, वैद्यक, शिल्प, संगीत, तलवारी आणि बुद्धिबळ यांत त्यांनी भारतीयांना मान दिला आणि 'कलीला व दिम्ना' हे पुस्तक त्यांच्याकडूनच आल्याचे नमूद केले. हे पुस्तक म्हणजे आपल्या पंचतंत्राचे फारसीमार्गे अरबीत गेलेले रूप. बसऱ्याच्या सराफांची तिजोरी सिंधी माणसाच्या हाती असते, कारण हिशेबात आणि विश्वासात तो पक्का, असेही निरीक्षण त्यांनी टिपले आहे.

सत्तेची सावली

खलिफा मामून यांनी जाहिज यांचे राजकीय लेखन वाचले आणि त्यांचे नशीब पालटले. ते बगदादला आले. मामून यांनी त्यांना दफ्तराच्या कामावर नेमले, पण तीनच दिवसांत ते सोडून आले, असे सांगतात. नोकरीपेक्षा पुस्तके अर्पण करून मिळणाऱ्या बिदागीवर जगणे त्यांनी पत्करले. 'अल-हैवान' त्यांनी वजीर इब्न अल-जय्यात यांना अर्पण केला, तर 'अल-बयान वत्तब्यीन' हा वक्तृत्वावरचा ग्रंथ मुख्य काझी इब्न अबी दुआद यांना. प्रत्येकी पाच हजार दीनार मिळाल्याची नोंद आहे. खलिफा मुतवक्किल यांनी मुलांचा शिक्षक म्हणून त्यांना बोलावले आणि चेहरा पाहून दहा हजार दिरहम देऊन परत पाठवले.

या दरबारी आयुष्याची एक काळी बाजूही आहे. इ.स. ८३३ मध्ये मामून यांनी मुअतजिला पंथाचे मत विद्वानांवर सक्तीने लादायला सुरुवात केली. कुरआन निर्मित आहे असे मान्य न करणाऱ्यांची चौकशी होऊ लागली. इमाम अहमद इब्न हंबल यांना तुरुंगवास आणि फटके सोसावे लागले. शंका घ्यायला शिकवणारे जाहिज या वेळी सत्तेच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी या धोरणाचे लेखी समर्थन केले. इतके वाचलेला माणूस दुसऱ्याच्या मतस्वातंत्र्याबाबत कमी पडला. केवळ वाचनाने माणूस न्यायी होतोच असे नाही, हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कटू पान.

सत्तेनेही आपला हिशेब दाखवला. इ.स. ८४७ मध्ये वजीर इब्न अल-जय्यात यांचे पतन झाले. ज्या खिळ्यांच्या भट्टीत ते इतरांचा छळ करत, त्याच भट्टीत त्यांचा अंत झाला. आपलाही नंबर त्यात लागेल या भीतीने जाहिज पळाले. पकडले गेले. बेड्या घालून त्यांना इब्न अबी दुआद यांच्यासमोर उभे करण्यात आले. तिथे त्यांच्या जिभेनेच त्यांना वाचवले आणि त्यांची सुटका झाली.

चेऊलला आलेला टीकाकार

जाहिज यांच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी मसऊदी हा इतिहासकार-प्रवासी भारतात आला. हिजरी ३०४ मध्ये तो सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चेऊल बंदरात होता. शिलाहार राजा झंझ याच्या राज्यात तिथे सुमारे दहा हजार मुस्लिम सुखाने राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. मसऊदी जाहिज यांच्या लेखणीचा चाहता होता, पण डोळे मिटून मानणारा नव्हता. गेंड्याचे पिल्लू आईच्या पोटातून डोके बाहेर काढून चरते आणि पुन्हा आत जाते, अशी माहिती जाहिज यांच्या ग्रंथात होती. मसऊदीने भारतात भेटलेल्या व्यापाऱ्यांना विचारले. ते चकित झाले. गेंडा गाई-म्हशीसारखाच वितो, असे त्यांनी सांगितले. सिंधू नदीत मगरी आहेत म्हणून ती नाईलचाच फाटा असावी, हा जाहिज यांचा तर्कही त्याने खोडला. समुद्रप्रवास न करता वर्राकांच्या पुस्तकांतून उतरवून घेतल्याचा हा परिणाम, असे त्याचे म्हणणे होते.

ज्या कसोटीवर जाहिज यांनी ॲरिस्टॉटलला घासून पाहिले, त्याच कसोटीवर मसऊदीने जाहिज यांना घासले. विद्या अशीच पुढे जाते.

शेवटची वर्षे

म्हातारपणी जाहिज बसऱ्याला परतले. शरीराच्या एका बाजूला अर्धांगवायू होता आणि दुसऱ्या बाजूला स्पर्शही सहन होत नसे. तरी लोक भेटायला येत आणि लेखनही थांबले नव्हते. हिजरी २५५ च्या मुहर्रममध्ये, म्हणजे इ.स. ८६८ संपून ८६९ सुरू होण्याच्या सुमारास, नव्वदी ओलांडून त्यांचे निधन झाले. भोवती रचलेल्या पुस्तकांची चळत अंगावर कोसळून त्यांना मृत्यू आला, ही कथा फार नंतरच्या ग्रंथांत येते. ती खरी असेलच असे नाही. पण लोकांनी त्यांच्यासाठी असाच मृत्यू योग्य मानला, यातच सारे आले.

रमजानमध्ये घराघरांत कुरआनचे पारायण होते, तरावीहमध्ये तो संपूर्ण ऐकला जातो. ज्या पहिल्या आज्ञेने हे सारे सुरू झाले, तिने वाचनाला कुंपण घातले नव्हते. जाहिज यांनी तिचा अर्थ माशीपासून तर्कशास्त्रापर्यंत आणि गोष्टीच्या पुस्तकापासून आकाशातल्या ताऱ्यांपर्यंत लावला. त्यांच्या चुका त्यांच्या वाचनाइतक्याच मोठ्या होत्या, आणि त्याही पुढच्या वाचकांनीच शोधल्या. मोहल्ल्यातल्या एखाद्या वाचनालयाचे दार ईदनंतर एक तास जास्त उघडे राहिले, आईने ताटात वह्या वाढाव्यात अशी वेळ एखाद्या मुलावर कमी आली, तर बसऱ्याच्या त्या मासेविक्या मुलाची आठवण सार्थकी लागली असे म्हणता येईल.